नाचणीची खडी

आमच्याकडं आगगाडी आली नाही ती नाहीच. माझ्या लहानपणी ती येणार होती, माझ्या लग्नाच्या वेळी तर आलीच म्हणत होते, आणि आता माझी नात शाळेत जायला लागली तरी ती येतेच आहे. मधूनच कुणी तरी साहेबलोक येतात, शेताच्या बांधावर दगड पुरून त्याला रंग फासून जातात, चार दिवस पारावर नुसती गाडीच गाडी होते, आणि मग त्या दगडाला शेळ्या अंग घासायला लागतात. पण कळंबच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मात्र गाडी होती. ती पडवीतून सुटायची आणि माझ्या आईच्या माहेरी जायची. आईच्या लेखी ती गाडी नव्हतीच, सवत होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. पुणे-नाशिक रस्त्याला लागून त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. पोरवयात ते दौंडला आत्याकडं राहिले होते आणि आत्याचं घर रुळाला चिकटून. गाडी गेली की ताटातलं कालवण हलायचं, असं ते सांगायचे. पुढं जन्मभर त्यांच्या ताटातलं कालवण काही हललं नाही, म्हणूनच बहुतेक त्यांना जेवण गोड लागत नसावं. म्हणून मग त्यांनी स्वतःच गाडी करायला घेतली. बाजारात मिळणारी चावीची गाडी नव्हे हो, खरी! रूळ छत्रीच्या काड्यांचे. काडेपेटीच्या काड्या रांगेनं चिकटवायच्या, त्यावर छत्रीच्या काड्या बसवायच्या आणि त्यांतून करंट सोडायचा. इंजिनाचं अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, पोटात मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर, चाकं पंपवाल्याकडून पितळेची कातून आणलेली. डब्यांना कोटाची बटणं. हे सगळं एलिमिनेटरवर चालायचं. एलिमिनेटर म्हणजे सेल वाचवायची पेटी, तेव्हा घरोघरी रेडिओला असायची. रुळांचे जोड सोल्डरिंगनं मी मारायची, कारण अण्णांचा हात तोवर थरथरायला लागला होता आणि माझी बारावी होऊन मी घरातच होते. बघायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या बोटांवरचे डाग पाहिले की आई झटकन म्हणायची, "भाकरीचं चटकं हायेत. स्वयंपाकाची लई हौस तिला." मी मान खाली घालून हसू दाबायची.

अण्णांसारखे आणखी दोन वेडे पंचक्रोशीत होते. देव एकेका गावात एकच वेडा घालतो, पण त्यांची गाठ घालायलाही विसरत नाही. एक राजुरीचे बबन टेलर. त्यांनी कापड बेतायच्या टेबलाखाली घाट केला होता, बोगद्यासकट. गिऱ्हाईक मापं द्यायला उभं राहिलं की त्याच्या पायाशी बोगद्यातून गाडी निघायची आणि गिऱ्हाईक दचकून मापात चूक व्हायची. दुसरे मंचरचे कदम सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचं स्टेशन, सिग्नल, कागदाच्या लगद्याचे डोंगर, भुश्शाला हिरवा रंग देऊन केलेलं गवत. तिघांच्या तीन फळ्या एकाच रुंदीच्या होत्या, कारण कधी तरी त्या एकमेकींना जोडून राजुरीहून कळंबवरून मंचरपर्यंत एकच गाडी पळवायची असा बेत होता. रविवारी दुपारी तिघं एकाच्या घरी जमायचे, बहुतेक वेळा आमच्याच, कारण आमच्याकडं मासवडी असायची. आईच्या हातची मासवडी आणि वरून तांबडा रस्सा. तो खाऊन नाक गळायला लागलं की मग फळीवरचं फडकं निघायचं. त्यांचा रामराम ठरलेला होता. दारातूनच बबनमामा ओरडायचे, "गाडी कुठवर आली, राव?" मग अण्णा सांगायचे, "वळणापतोर आली," नाही तर "पुलावर अडकली." गावात लोक हाच प्रश्न खऱ्या गाडीबद्दल थट्टेनं विचारायचे आणि उत्तर यायचं, "कागदावर आली." हे तिघं मात्र तो प्रश्न अगदी मनापासून विचारायचे.

हल्ली माझ्या भाच्यानं मला फोनवरच्या एका ग्रुपात घातलंय. सगळे गाडीवेडे. इंजिनं बाहेरून मागवलेली, शिट्टी वाजते काय, धूर निघतो काय. रोज कुणी ना कुणी फोटो टाकतो, "आज एवढं झालं" म्हणून, आणि बाकीचे अंगठे वर करतात. मला बरं वाटतं. मीही वर्षातून एकदा एक फोटो टाकते. जुनाट फळी, गंजलेले रूळ आणि रुळांच्या मध्ये कोवळं हिरवं. पोरं विचारतात, "काकू, हे गवत कुठल्या मटेरियलचं? एकदम खरं वाटतंय." एवढं सगळं फोनवर कसं टाइप करायचं?

माझी आई डोंगरातली. डिंभ्याच्या धरणात जी गावं गेली त्यांतली उंबरवाडी हे तिचं माहेर. मी धड चालायला लागले नव्हते तेव्हा पाणी चढलं. आई लग्न होऊन कळंबला आलेली, म्हणून ती वाचली असं लोक म्हणायचे, आणि तिला ते ऐकून घ्यावं लागायचं. आजा-आजी नव्या जागेत फार दिवस राहिले नाहीत, पाठोपाठ गेले. मामा लांब कुठं तरी मिळालेल्या जमिनीवर गेला आणि तिकडचाच झाला. आमच्याकडं बाई "माझं माहेर बुडालं" म्हणाली की त्याचा अर्थ असा असतो, की भाऊ आता दिवाळीला विचारत नाही. आईचं खरोखरच बुडालं होतं. पण त्याबद्दल ती बोलायची नाही. रडायचीही नाही. एवढंच व्हायचं, की दिवेलागणीला भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा. मान जराशी कलायची. तव्यावरची भाकरी करपायला लागायची.

"काय गं आई?"

"काय न्हाई. घंटा."

आमच्या देवळातली आरती अजून व्हायची असायची. रस्त्यावर ट्रकचा आवाज, उसाच्या गाड्या, दुकानातून येणारी गाणी, पण घंटा कुठंच नाही. अण्णा मुकाट्यानं रेडिओ बंद करायचे आणि तेही कान द्यायचे. जन्मभर खरखरीतून आवाज शोधून काढणारा माणूस तो, पण बायकोला ऐकू येतं ते आपल्याला येत नाही ह्याचं त्यांना फार लागायचं. मला मात्र भीती वाटायची. संध्याकाळी मी तिच्याकडं पाठ करून बसायची, म्हणजे तिची मान कललेली दिसायला नको.

मला वाटतं, त्यापायीच अण्णांनी एका रविवारी जाहीर केलं, की आपल्या फळीवरची गाडी उंबरवाडीला जाणार. कदम सर खूश झाले, डोंगर करायला मिळणार म्हणून. आई आतून म्हणाली, "जित्या मान्साला जायला एसटी न्हाई, आन् बुडाल्या गावाला म्हनं गाडी!" आणि परात आदळली. पण फळीवर घरं उभी राहायला लागली तशी ती कामाच्या निमित्तानं पडवीत यायला लागली. आधी नुसतीच बघून जायची. मग एक दिवस केरसुणी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पार तिथं न्हवता. देवळाच्या मागं व्हता." अण्णांनी पार उचलून मागं ठेवला. मग म्हणाली, "चिच लई बारकी केली. आमची चिच काय अशी व्हती?" चिंच मोठी झाली. दारं उंच झालीत, आमच्याकडं वाकून जावं लागायचं, असं ती म्हणाली म्हणून दारं ठेंगणी झाली. गाव जसजसं खरं होत गेलं तसतशी ती जास्त वेळ तिथं उभी राहायला लागली, आणि मला बरं वाटायचं त्यापेक्षा धास्तीच जास्त वाटायची. तिच्या गावची दोन-चार माणसं कधी मंचरच्या बाजाराला आली की आमच्याकडं डोकावायची. फळीशी उभी राहायची, आपापलं घर शोधायची, सापडलं की गप्प व्हायची, आणि चहा ठेवलाय म्हटलं तरी न घेता निघून जायची. ती गेली की पडवीत कुणी तरी अजून उरलंय असं वाटायचं. मी तेव्हा दिवा लवकर लावायची.

वैशाखात गावची जत्रा. ह्या जत्रेला शाळेच्या वऱ्हांड्यात तिन्ही फळ्या जोडायच्या, असं तिघांनी ठरवलं. आमची फळी मागं पडली होती. गाव झालं, रूळ झाले, पण रुळांमधली खडी राहिली होती. बबनमामा म्हणाले, "खडीबिगर रूळ म्हंजी नाडीबिगर लेंगा, राव. कदी खाली यील सांगता येत न्हाई." वाळू घातली तर ती फार बारीक, विटेचा चुरा घातला तर तांबडा भडक. त्या दिवशी आई बाजाराला गेलेली आणि मी दुकानावर बसलेली. तिघं घरात डबे हुडकत होते. अण्णांना फडताळाच्या वरच्या कप्प्यात, अगदी कोपऱ्यात, एक लहानसं गाडगं सापडलं. तोंडाला फडकं, फडक्यावर माती लिंपलेली. आत राख, राखेत कडुनिंबाचा वाळका पाला आणि नाचणी. काळपट तांबूस, एकसारखी गोल. अण्णांना वाटलं, जुनी, टाकून दिलेली, राखेत पडलेली नाचणी. रेडिओवाला माणूस तो, त्याला बियाणं म्हणजे दुकानातलं पाकीट. बबनमामांच्या घरी शेती, त्यांना तरी कळायला हवं होतं, पण ते तर आनंदानं उडालेच. "आरं ही तर खडीच हाय! देवानं मापात करून धाडली!" चाळणीनं राख झाडली, कदम सरांनी खळ शिजवली, आणि तिघांनी मिळून ती सगळी नाचणी चिमटी-चिमटीनं रुळांत बसवली.

मी आले तेव्हा फळी इतकी देखणी दिसत होती की माझ्या तोंडून "अगबाई!" निघालं. आई माझ्या मागोमाग आली. डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच तिनं बघितलं. तिघं कौतुकाची वाट बघत उभे.

"कुठली नाचनी ही?"

"वरच्या गाडग्यातली. खराब झाली व्हती, राखंत पडून..." अण्णा म्हणाले, आणि मध्येच थांबले, कारण आईनं पाटी खाली ठेवली नव्हती, ती हातातून सुटली होती. कांदे पडवीभर गडगडले.

"ते बियानं व्हतं," एवढंच आई म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं नाही का घरात, की हे बियाणं आहे, हात लावू नका! तीच तर गोष्ट आहे. आईच्या डोंगरात रीत होती, की राखून ठेवलेल्या बियाण्याचं नाव मातीत पडेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. उंदराला ऐकू जातं म्हणे. लेकीलाही सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. उंदराला तिनं ऐकू जाऊ दिलं नाही, आणि घरातल्या माणसाच्या हातून ते गेलं. बबनमामा आणि सर चपला घालून केव्हा गेले ते कळलंही नाही. आईनं कांदे गोळा केले, स्वयंपाक केला, वाढलं. एक शब्द बोलली नाही. आरडाओरडा केला असता तर आम्हाला सुटल्यासारखं झालं असतं. त्या संध्याकाळी तिचा हात भाकरीवर थांबला नाही, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

सकाळी उठून बघतो तर आई घरात नाही. चुलीवर दूध तापवून झाकून ठेवलेलं, अंगण झाडलेलं. विहिरीवर नाही, मळ्यात नाही, देवळात नाही. बाई रुसली की माहेरी जाते, म्हणून तिला शोधणं सोपं असतं. चार शिव्या खायच्या, एक जेवण जेवायचं आणि घेऊन यायचं. माझ्या आईला रुसून जायला जागाच नव्हती. मी रडायला लागले. विहिरीत वाकून बघताना अण्णांचा चेहरा कसा झाला होता ते मला आजही आठवतं. मग ते एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "शकू, चप्पल घाल. ती माहेरीच गेली आसंल."

मंचरला उतरून आम्ही तळेघरची एसटी धरली. घोडेगाव गेलं, धरणाची भिंत मागं पडली आणि रस्ता पाण्याच्या कडेकडेनं चढायला लागला. पाणी खूप खाली गेलं होतं. अण्णांनी कंडक्टरला मध्येच गाडी थांबवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "हितं कुठं, पावणं? हितं काय बी न्हाई." आम्ही उतरलो. उतारावरून खाली गेलो, आणि खाली गाव होतं. म्हणजे गाव नव्हतं, पण त्याची जोती होती. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या, त्यात दगडांच्या चौकोनी रांगा, एक पांढुरका पडलेला बुंधा, आणि देवळाचा दगडी सांगाडा. झाड नाही, पाखरू नाही, भर दुपारचं ऊन. आणि त्यात आमची आई चालत होती.

ती सरळ चालत नव्हती. वळत होती. मोकळ्या गाळातून बोळातून गेल्यासारखी जात होती. एका ठिकाणी अंग चोरून बाजूला झाली, जसं कुणाला वाट द्यावी. एका ठिकाणी थांबून ओठ हलवले. मग एका जोत्याशी आली, पाऊल उचलून नसलेला उंबरा ओलांडला, आणि आत जाताना मान खाली घातली. वर काहीच नव्हतं हो, नुसतं आभाळ. तरी तिनं वाकून मान घातली. मला धावत जाऊन तिला गदागदा हलवावं असं वाटलं, पण अण्णांनी माझा हात घट्ट धरला.

"थांब," ते म्हणाले. "घर तेच हाय. पाराच्या मागं, चिचंच्या अंगाला." ती फळी त्यांनी तिच्याकडून शिकून केली होती, त्यामुळं ह्या गाळात आता त्यांनाही वाट सापडत होती. ते बोळाबोळानंच गेले. देवळाच्या पुढून, पाराला वळसा घालून. मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागं. जोत्याच्या बाहेर त्यांनी तापलेल्या गाळात चपला काढल्या आणि उभे राहिले.

"यिऊ का आत?"

आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. मागं वळून, जिथं चूल असावी तिकडं तोंड करून, मी कधी ऐकला नव्हता अशा पोरीच्या आवाजात ती म्हणाली, "आये, पावणं आल्यात गं. पाय धुवाया पानी दे."

जावयाला आमच्याकडं पावणं म्हणतात. अण्णा तसेच अनवाणी खाली पाण्यापर्यंत चालत गेले, पाय धुतले, परत आले, उंबरा ओलांडला आणि मान वाकवून आत गेले. तेव्हा आई रडली. एवढ्या वर्षांचं एकदम रडली. मीही वाकूनच आत गेले. त्या वेळी ताठ मानेनं जायची माझी छाती झाली नाही.

मग तिनं सांगितलं. गाव उठायच्या आधीच्या खेपेला तिच्या आईनं ह्याच उंबऱ्यात तिची ओटी भरली होती. तांदूळ नाही, नाचणी. "आमी कुठं जानार ठावं न्हाई, तिथं डोंगर आसंल का न्हाई, पर ही तुज्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाली होती. वरल्या आवणातली, म्हणजे वरच्या वावरातली नाचणी, बापानं राखलेली. ती जुनी होऊन मरू नये म्हणून आई दर दोन-तीन वर्षांनी तळेघरला मावसबहिणीच्या उतारावर ओंजळभर पेरून आणायची आणि नवी भरून ठेवायची. आम्हाला वाटायचं, बहिणीला भेटायला जाते. गेली काही वर्षं बहिणीचंच जमलं नव्हतं. ह्या वर्षी तिनं एक पट्टी द्यायचं कबूल केलं होतं. "तेवडंच राहिलं व्हतं माज्याकडं," आई म्हणाली. "बाकी समदं ह्या पान्यानं नेलं. तेवडंच तुमी माज्या नकळत गाडीखाली घातलं."



निघताना आई देवळाशी थांबली. आत वाकून वर बघितलं. छताला नुसता लोखंडी आकडा. बराच वेळ ती त्या आकड्याकडं बघत राहिली. देव हलवला तेव्हा ती तिथं नव्हती, कुणी सांगितलंही नसेल. "घंटा नेली की," ती म्हणाली. "देवासंगंच नेली आसंल." मग आमच्याकडं वळून, विचारल्यासारखं, "मंग काय वाजायचं?" एसटीची वाट बघत आम्ही रस्त्यावर बसलो, आणि तिघंही कान देऊन बसलो होतो हे मला नंतर लक्षात आलं.

घरी आल्यावर अण्णांनी फळीवर ओली फडकी अंथरली. खळ भिजली की दाणे सुटतील. मग रेडिओचे बारीक पार्ट उचलायच्या चिमट्यानं ते एकेक दाणा वेचायला बसले. बरेचसे चेंगरलेले, साल गेलेले. आई दारातून म्हणाली, "खळीत मोरचूद घातला व्हता का?" खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, आणि तो विषारी. अण्णांचा हात थांबला. ते सायकल घेऊन कदम सरांकडं गेले. सर म्हणाले, दर वेळी घालतो, त्या दिवशी घातला का आठवत नाही. बबनमामांना विचारलं, त्यांनाही आठवेना. तिघांच्या तिघांना काडीकाडीचा हिशेब, कुठल्या डब्याला कुठलं बटण ते पाठ, पण हे आठवेना. आई म्हणाली, "मंग मेलं आसंल ते. ऱ्हाऊ द्या आता. कशाला डोळं फोडून घेता." अण्णा फडकी भिजवत राहिले. दुकान बंद. मी एका टोकानं, ते एका टोकानं. चिमट्यात दाणा धरला की तो जिवंत आहे का मेलेला ते कसं कळणार? आम्ही दोघं ते एकमेकांना विचारतच नव्हतो.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मी फडकं ओलं करायला उचललं, आणि तसंच हातात धरून उभी राहिले. पाराच्या मागं, आईच्या घरासमोरून रूळ वळतात तिथं, काडेपेटीच्या काड्यांच्या मधून पांढरी बारीक मुळं आणि त्यांवर सुईच्या टोकाएवढं हिरवं. सगळीकडं नाही. पुलावर काही नाही, स्टेशनाशी काही नाही, वळणावर मात्र एका ओंजळीएवढं. मी ओरडले नाही. मला ओरडायचं सुचलंच नाही. मी आईला हाताला धरून आणलं, पिठाच्या हातानं. ती खाली बसली, इतकी खाली की तिचा गाल रुळाला लागला, आणि तशी त्या ठेंगण्या दारांच्या पातळीवरनं बघत राहिली. बोट लावलं नाही. अण्णा मागं उभे होते. त्यांच्याकडं न बघता तिनं हात मागं केला आणि त्यांच्या पावलाला लावला, एवढंच.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. बबनमामा आणि कदम सर आपापल्या फळ्या घेऊन आले होते. गेले आठ-दहा दिवस दोघांनी आमच्याकडं तोंड दाखवलं नव्हतं. बबनमामा दारात आले, चाचरले, आणि काय बोलावं ते न कळून सवयीनं त्यांच्या तोंडून तेच निघालं.

"गाडी... कुठवर आली, राव?"

आईनं मान वर केली. गालाला नाचणीची सालं चिकटलेली.

"पोचली, बबनभाऊ," ती म्हणाली. "आता तिला हालवू नका."

त्या जत्रेत दोनच फळ्या जोडल्या गेल्या. आमची फळी घरातच राहिली आणि तिच्यावर गाडी परत कधी चालली नाही. बबनमामांनी आपल्या हातानं ती रोपं एकेक करून घमेल्यातल्या मातीत लावली. आषाढात आई ते घमेलं डोक्यावर घेऊन तळेघरच्या चिखलवाटेनं चढली, आणि त्या खेपेला तिच्याबरोबर अण्णाही होते. आता दोघंही नाहीत. फळी माझ्याकडं आहे आणि गाडगंही. पेरणीच्या आधी चिमूटभर नाचणी मी त्याच वळणावर ओल्या फडक्याखाली घालून बघते, जिवंत आहे का म्हणून, आणि उगवली की पोरांना फोटो पाठवते. आईनं त्या दिवसानंतर घंटेचं नाव परत कधी काढलं नाही. परवा दिवेलागणीला भाकरी थापताना माझाच हात थांबला. नात म्हणाली, "आजी, काय गं?" मी म्हटलं, "काय न्हाई." पण ती पोर तिथून हलली नाही. माझ्याकडं बघत, मान जराशी कलती करून तशीच उभी राहिली, आणि तव्यावरची भाकरी करपली.